वय शिल्लक, शाळा संपली

आमच्या अब्बांच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनला येतो. जन्माची तारीख कुणाला ठाऊक नसे; शाळेत नाव घालताना मास्तर अंदाजाने वर्ष ठरवत आणि पुढे एक जून लिहून टाकत. महाडपासून पोलादपूरपर्यंत कुठल्याही मोहल्ल्यात, कुठल्याही वाडीत असे एक जूनवाले भरपूर सापडतील. त्या तारखेने कुणाचे फारसे बिघडले नाही. निवृत्ती सहा महिने अलीकडे-पलीकडे झाली, एवढेच.

आजच्या मुलांच्या आयुष्यात दुसरी एक तारीख आली आहे, ती एक जानेवारी. शालेय क्रीडा स्पर्धेचे वयोगट तिच्यावर ठरतात. चौदा वर्षांखालील, सतरा वर्षांखालील आणि एकोणीस वर्षांखालील असे तीन गट. २०२३-२४ च्या स्पर्धांसाठी सतरा वर्षांखालील गटात खेळायचे तर जन्म १ जानेवारी २००७ रोजी किंवा त्यानंतरचा हवा होता. ३१ डिसेंबरला जन्मलेले मूल बाहेर, दुसऱ्या दिवशी जन्मलेले आत. नियम म्हटला की कुठेतरी रेघ ओढावीच लागते, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण वयाच्या रेघेशेजारी आणखी एक रेघ असते, तिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. खेळाडू शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात शिकत असला पाहिजे. बारावी झाली की वय शिल्लक असले तरी शालेय मैदान बंद.

या दोन रेघांच्या मधल्या जागेत आमची भाची सापडली, म्हणून हा लेख.

आम्ही दोघे भाऊ पोलादपूरच्या मातीत कबड्डी खेळलो. फार मोठे खेळाडू नव्हतो. गावच्या मंडळाकडून खेळायचो, जत्रेच्या स्पर्धांना जायचो, ढोपरे फोडून घ्यायचो आणि आईच्या शिव्या खायचो. पुढे एकाची नोकरी महाडच्या औद्योगिक वसाहतीत लागली, दुसऱ्याने दुकान टाकले. भावजी कुवेतला, म्हणून आपाच्या मुलांकडे आमचेच लक्ष. त्यातली ही मधली मुलगी लहानपणापासून आमच्या मागे मागे मैदानावर यायची. सातवीत असताना तिने पहिली पकड केली ती आमच्यातल्या थोरल्याचीच, आणि थोरला खरोखर पडला होता.

मुलगी कबड्डी खेळणार म्हटल्यावर घरात बोलणे झाले. आपाला धास्ती लोकांची. त्या वेळी आमच्या मदतीला आला तो इराण. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणच्या मुलींनी डोके झाकून, अंगभर पोशाख घालून कबड्डीचे सुवर्णपदक जिंकले. अंतिम सामन्यात हरवले ते भारताला, २७-२४ असे. आणि त्या मुलींची प्रशिक्षक कोण, तर आपल्या नाशिकच्या शैलजा जैन! आम्ही आपाला तो सामना मोबाईलवर दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "खेळू दे. पण बारावीपर्यंत. पुढचं पुढं बघू."

"बारावीपर्यंत" हा शब्द आपल्या समाजातल्या आणि एकूणच आपल्या तालुक्यांतल्या मुलींच्या बाबतीत फार जड असतो. मुलग्याला बारावीनंतर गावचे मंडळ आहे, खुला गट आहे, रात्रीचे सामने आहेत. पंचविशीपर्यंत त्याला कुणी विचारत नाही. मुलीचे तसे नसते. शाळेचा गणवेश, शाळेची गाडी, सोबत शिक्षिका, या छत्राखाली तिचा खेळ चालतो. ते छत्र गेले की परवानगीही जाते. म्हणून मुलीच्या खेळातले एक वर्ष मुलाच्या एका वर्षाएवढे नसते. ते अधिक महाग असते.

भाचीचा जन्म फेब्रुवारी २००७ चा. अकरावीत असताना, २०२३ च्या पावसाळ्याच्या अखेरीस, ती सतरा वर्षांखालील गटाच्या शेवटच्या वर्षात खेळत होती. सामना आमच्या डोळ्यांदेखत झाला. चढाईत दोन गडी मारून ती मध्यरेषेकडे वळली. पाय ओल्या मातीत रुतून राहिला आणि शरीर फिरले. कुणी तिला हातसुद्धा लावला नव्हता. ती ओरडली नाही, नुसती बसली. नंतर म्हणाली, "मामू, आत काहीतरी तुटल्यासारखा आवाज आला."

ज्या डॉक्टरांना प्रथम दाखवले त्यांनी स्नायू लचकला असे सांगून तीन आठवडे विश्रांती दिली. सूज उतरली, पण जिना उतरताना गुडघा दगा देई. दुसऱ्या डॉक्टरांनी एमआरआय करायला पनवेलला पाठवले. तोवर डिसेंबर उजाडला. गुडघ्याच्या आतला पुढचा अस्थिबंध, ज्याला डॉक्टर 'एसीएल' म्हणतात, तो पूर्ण तुटला होता. जानेवारी २०२४ मध्ये मुंबईला शस्त्रक्रिया झाली. मुंबई आमच्यापासून पावणेदोनशे किलोमीटर. शस्त्रक्रियेचा खर्च कसाबसा बसवता येतो; पुढची व्यायामोपचाराची फेरी, दर पंधरवड्याला जाणे-येणे आणि बरोबर जाणाऱ्याचा बुडालेला रोज, हा खर्च कुणी हिशेबात धरत नाही.

डॉक्टरांनी बजावले होते की नऊ महिने स्पर्धेचे नाव काढायचे नाही. हा आकडा त्यांनी हवेतून काढलेला नव्हता. नॉर्वे आणि अमेरिकेतील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, शस्त्रक्रियेनंतर नऊ महिने होईपर्यंत खेळाडू जितका एकेक महिना थांबतो, तितका गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका दर महिन्यामागे सुमारे निम्म्याने घटतो. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका आढाव्यात, पंचवीस वर्षांखालचे जे खेळाडू मैदानावर परतले, त्यांच्यापैकी सुमारे २३ टक्के खेळाडूंचा तोच किंवा दुसरा गुडघा पुन्हा गेला होता. म्हणजे चारातला जवळजवळ एक. तरुण वय ही इथे ताकद नसून जोखीम आहे.

आता हिशेब मांडा. जानेवारीत शस्त्रक्रिया, नऊ महिने म्हणजे ऑक्टोबर. आमच्या तालुक्यातले सामने सप्टेंबरमध्येच उरकले. तालुका हुकला की जिल्हा नाही, जिल्हा नाही तर विभाग नाही आणि राज्य तर नाहीच. सातव्या महिन्यात भाची पळू लागली होती. शाळेकडून विचारणा झाली, एखादा सामना खेळता येईल का? तिला तर खेळायचेच होते. आम्ही नाही म्हणालो. त्यानंतर आठ दिवस ती आमच्याशी बोलली नाही. तिचे म्हणणे साधे होते. "तुमच्या डॉक्टरांचे नऊ महिने पूर्ण होतील तेव्हा माझी बारावी झालेली असेल. मग तो गुडघा मी कशासाठी जपायचा?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि नियमापाशीही नाही. पुढच्या म्हणजे २०२५-२६ च्या मोसमात एकोणीस वर्षांखालील गटासाठी १ जानेवारी २००७ नंतरचा जन्म चालत होता. ती वयात बसत होती. गुडघाही बरा झाला होता. पण २०२५ मध्ये ती बारावी पास झाली होती. वय शिल्लक, शाळा संपली!

मैदानावरच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी सुचवले की तिला एक वर्ष ड्रॉप घ्यायला लावायचे होते, बारावीतच ठेवायचे होते. हा सल्ला आम्हाला मुळीच पटला नाही. खेळासाठी शिक्षण मागे ठेवायचे असेल तर आपाने आधीच खेळ बंद केला असता आणि ते बरोबर ठरले असते. पण नियमच जर अशी पाळी आणत असेल, तर नियमाकडे पुन्हा पाहायला हवे.

कुणी म्हणेल, एका मुलीचे एक वर्ष गेले, त्याचे एवढे काय? क्रीडा स्पर्धांमधल्या कामगिरीवर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, पातळीप्रमाणे चढत जाऊन जास्तीत जास्त पंचवीस. शासकीय नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पोलीस भरतीचे स्वप्न बघणाऱ्या आमच्या डोंगराळ तालुक्यातल्या मुलामुलींना हे पाच टक्के काय असतात ते विचारा. शालेय मैदानावरचे प्रमाणपत्र ही त्या वाटेची पहिली पायरी असते. ती पायरी ज्या वर्षी चढायची त्याच वर्षी पाय मोडला, तर पुढचा जिनाच नाहीसा होतो.

नियम वाकत नाही असेही नाही. गेल्या काही वर्षांत तो कितीदा वाकला ते आपण सर्वांनी पाहिले आहे. करोनामुळे टोकियो ऑलिंपिक एक वर्ष पुढे गेले तेव्हा पुरुषांच्या फुटबॉलमधली तेवीस वर्षांची वयोमर्यादा चोवीस केली गेली. ज्यांचे वय वाट पाहण्यात गेले त्यांना शिक्षा नको, हा विचार. अमेरिकेत २०२० च्या वसंत ऋतूतले महाविद्यालयीन सामने रद्द झाले, तेव्हा तिथल्या एनसीएए या संघटनेने त्या खेळाडूंना आणखी एक हंगाम दिला. आपल्याकडे २०२०-२१ मध्ये शालेय स्पर्धा झाल्या नाहीत, तर दहावी-बारावीच्या खेळाडूंची आधीच्या इयत्तांमधली कामगिरी धरून गुण देण्याचा मार्ग काढला गेला. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. दोन वर्षे सैन्यभरती झाली नव्हती म्हणून त्या एका वर्षापुरती कमाल वयोमर्यादा एकवीसवरून तेवीस केली गेली. महाड तालुक्यात फौजी आंबवडे नावाचे गाव आहे, पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात जाणारे. भरतीच्या वयातली दोन वर्षे म्हणजे काय, हे तिथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. मार्च २०२३ मध्ये राज्य शासनानेही नोकरभरतीसाठी दोन वर्षांची सूट दिली.

हे सगळे निर्णय योग्यच होते. पण त्यातून एक विचित्र गोष्ट पुढे येते. सर्वांचे वर्ष एकदम वाया गेले की ती आपत्ती ठरते आणि नियम वाकतो. एकट्याचे वर्ष वाया गेले की ते त्याचे नशीब ठरते आणि नियम ताठ उभा राहतो. त्या मुलीच्या दृष्टीने दोन्हींत फरक काय? मैदान दोन्ही वेळा बंदच होते. एकदा साथीने बंद केले, एकदा गुडघ्याने.

आम्हा महाड-पोलादपूरच्या लोकांना तर हे लवकर कळायला हवे. सावित्री आणि गांधारीचे पाणी घरात शिरले की काय काय वाहून जाते ते आम्ही पाहिले आहे. जुलै २०२१ च्या पुरात दुकाने गेली, वह्या-पुस्तके गेली, दाखले गेले. त्याच दिवसांत तळिये गावावर डोंगर कोसळला. त्या वर्षी 'मुदत संपली' म्हणून परत पाठवणारा माणूस कुणालाच आवडला नसता. आपत्तीत कागदाची मुदत वाढवून द्यायची असते, हा शहाणपणा आमच्याकडे अनुभवाने आला आहे.

आता दुसरी बाजू. ती खोटी नाही आणि आम्ही खेळाडू असल्याने ती आम्हाला ठाऊक आहे. पहिली अडचण वयचोरीची. आपल्या देशात ही कीड इतकी जुनी आहे की केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाला २०१० साली तिच्याविरुद्ध राष्ट्रीय संहिता काढावी लागली. हाडांची तपासणी करून वय ठरवावे लागते, इतका दाखल्यांवरचा विश्वास उडालेला. अशा ठिकाणी दुखापतीसाठी मुदतवाढ दिली, तर उद्या प्रत्येक संघात दोन-दोन 'दुखापतग्रस्त' उभे राहतील आणि डॉक्टरांच्या सह्या विकत मिळतील. दुसरी अडचण धाकट्या मुलांची. कबड्डी अंगाचा खेळ आहे. वर्षाने मोठा, वजनाने भारी मुलगा समोर आला तर धाकट्याचे हाड मोडायचे. आणि तिसरी, जागेची. संघात जागा मोजक्या. मागच्या वर्षीची खेळाडू परत आली तर या वर्षीच्या कुणाला तरी घरी बसावे लागणार. तिचेही घर आहे, तिचीही आपा आहे.

या अडचणी अमेरिकेतल्या शाळांनी आपल्या आधी पाहिल्या. तिथे हायस्कूलच्या खेळाडूला साधारणपणे नववी ते बारावीची आठ सत्रे मिळतात आणि एकोणीस वर्षांची वयोमर्यादा असते; बारकावे राज्यागणिक वेगळे. वयाची अट तिथेही कडक पाळतात आणि त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. मिशिगन राज्यात तर वयाला अपवादच नव्हता. तिथे डाउन सिंड्रोम असलेला एक विद्यार्थी, आपल्या शाळेच्या बास्केटबॉल संघातला, वयाच्या अटीमुळे शेवटच्या वर्षी बाहेर जाणार होता. त्याच्या घरच्यांनी मोहीम चालवली आणि २०१२ मध्ये राज्यातल्या शाळांनीच मतदान करून अपवादाची सोय केली. महाविद्यालयीन पातळीवर एनसीएएने दुखापतीसाठी जो अपवाद केला, त्याच्या अटी शिकण्यासारख्या आहेत. दुखापत हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात झालेली हवी, तोपर्यंत ठरावीक प्रमाणाहून, वरच्या श्रेणीत ३० टक्क्यांहून, जास्त सामने खेळलेले नसावेत आणि उपचाराची कागदपत्रे त्याच वेळची असावीत. अशा अटी घातल्या की लबाडाला वाव कमी उरतो आणि खऱ्याला वाट मिळते.

आपल्याकडे काय करता येईल, याचा आम्ही दोघांनी आमच्या परीने विचार केला. आम्ही कायदेपंडित नाही. मैदानावरून जे दिसते ते मांडतो. पहिली गोष्ट, दुखापतीची नोंद सामन्याच्या दिवशीच, पंचांच्या गुणपत्रिकेवर व्हावी आणि पंधरा दिवसांत तिची प्रत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जावी. वर्षभराने आणलेला कागद चालणार नाही. दुसरी, प्रमाणपत्र जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाने एमआरआय किंवा शस्त्रक्रियेची कागदपत्रे पाहून द्यावे. तिसरी, मुदतवाढ एकदाच, एकाच मोसमाची. चौथी, वयोगट मुळीच ओलांडायचा नाही. सतराखालच्या गटातली मुलगी अठराव्या वर्षी पुन्हा सतराखाली नको. तिने एकोणीसखालच्या गटातच खेळावे. म्हणजे धाकट्यांना धोका नाही आणि वयाची रेघ जिथे आहे तिथेच राहते. फक्त ज्या मुलीचे वय एकोणीसखाली बसते, पण बारावी संपली आहे, तिला त्या एका वर्षापुरते तिच्या जुन्या शाळेकडून खेळू द्यावे. पाचवी, तिची जागा संघात जादा धरावी, कुणाला उठवून नव्हे. आणि जिथे खेळणेच शक्य नाही तिथे करोनाच्या वर्षी केले तसे आधीची कामगिरी धरून गुण द्यावेत.

यात शासनाच्या तिजोरीतून फारसे काही जात नाही. पण यातून जे मिळेल ते मोठे आहे. सातव्या महिन्यात लंगडत मैदानात उतरणारी मुलगी दहाव्या महिन्यापर्यंत थांबेल. आज आपण मुलांना सांगतो, गुडघा सांभाळा, आणि नियम त्यांना सांगतो, घाई करा. दोन्ही सांगणारी माणसे मोठी आणि जबाबदार. मूल कुणाचे ऐकेल? ज्याच्या हातात प्रमाणपत्र आहे त्याचेच ऐकेल.

थोडे आपल्या घरातलेही बोलू. आपल्या समाजात तालीमसाठी मदत करणाऱ्या जमाती, अंजुमने, ट्रस्ट पुष्कळ आहेत आणि आखातात कमावणाऱ्यांचा हात त्यांच्यामागे असतो. त्यांच्या अर्जात गुणांची टक्केवारी विचारतात, उत्पन्न विचारतात. खेळाचा रकाना आम्ही तरी क्वचितच पाहिला. व्यायामोपचारासाठी महाडहून मुंबईला जाणाऱ्या मुलीचे सहा महिन्यांचे एस.टी.चे भाडे, ही मागणी एखाद्या बैठकीत मांडून बघा. समोरचे आधी हसतील. पण शिकणाऱ्या मुलीचा गुडघा हादेखील तिच्या शिक्षणाचाच भाग आहे, हे त्यांना शांतपणे सांगावे लागेल. आपल्या मुली आता मैदानावर येऊ लागल्या आहेत. त्यांना परवानगी देणे ही पहिली पायरी. त्या पडल्यावर उचलणे ही दुसरी. पहिल्या पायरीवर आपण एकमेकांचे कौतुक करतो आणि तिथेच थांबतो.

भाची आता पदवीच्या पहिल्या वर्गात आहे. पोलादपूरहून एस.टी.ने महाडला येते. विद्यापीठाच्या स्पर्धांचे दार तिला वयाने उघडे आहे आणि आपाने "बारावीपर्यंत" हा शब्द अजून तरी पुन्हा काढलेला नाही. पण शालेय राज्य पातळीच्या अनुभवाशिवाय ती तिथे उभी राहणार, जिच्याकडे तो आहे अशा मुलींसमोर. तिला जमेल की नाही ते अल्लाहला ठाऊक. तिच्या मागून सतरा वर्षांखालील गटात तालुक्यातल्या कितीतरी मुली येत आहेत. त्यांतली कुणीतरी उद्या ओल्या मातीत वळेल आणि खाली बसेल. तिला दवाखान्यात नेताना "या वर्षी नाही, पुढच्या वर्षी खेळशील" असे आपण म्हणू. ते म्हणणे खरे ठरेल एवढी जागा नियमात असावी, इतकीच आमची मागणी आहे.